१५ महिन्यांचं बाळ सतत रडतं, लोळण घेतं, श्वास अडकवतं. सुरुवात कुठून करावी?

सांजवेळ:

मुलगा १५ महिन्यांचा, वजन ९.६ किलो. चालतो, चार शब्द बोलतो, बोट दाखवून मागतो. तीन आठवड्यांपासून सकाळी उठल्यापासून किरकिर चालू असते. दिवसातून सहा-सात वेळा मोठा थयथयाट होतो. अंग ताठ करून मागे झोकून देतो, हातातलं फेकतो, डोकं फरशीवर आपटतो. दोनदा जोरात रडताना श्वास अडकला, ओठ निळसर झाले, काही सेकंदांत पुन्हा रडायला लागला.

दुपारी एकदाच ४० मिनिटं झोपतो, रात्री तीनदा उठतो आणि प्रत्येक वेळी बाटलीतून गाईचं दूध लागतं. दिवसभराचं दूध साधारण लिटरभर होतं. घन आहार दोन-चार घास. मोबाइल समोर धरला की शांत बसतो, म्हणून जेवताना दिला जातो. मी एखादी गोष्ट नाही म्हटली की आजी ती देतात.

आजार असेल का? रडू द्यावं की उचलून घ्यावं? आणि डोकं आपटण्याचं काय करायचं?

रानजाई:

सांजवेळ, तुमच्या प्रश्नात महत्त्वाची गोष्ट मधेच, सहज येऊन गेली आहे: लिटरभर दूध. बाकी काहीही करण्याआधी तिकडे बघा.

गाईच्या दुधात लोह जवळपास नसतंच, लिटरमागे अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास. या वयाच्या मुलाला आहारातून रोज ७ मिलिग्रॅम लागतं. शिवाय दुधातलं कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन इतर अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाहीत, आणि दुधाने पोट भरलं की मूल जेवत नाही. म्हणजे तिन्ही बाजूंनी तोटा. लोह कमी पडलं की मूल चिडचिडं होतं, झोप तुटक होते, भूक मरते. तुम्ही लिहिलेलं श्वास अडकणंही लोहाच्या कमतरतेत जास्त दिसतं आणि लोह भरून काढल्यावर बऱ्याच मुलांमध्ये कमी होतं. डॉक्टरांकडे हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासायला सांगा. साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर घसरतं, त्यामुळे नुसतं हिमोग्लोबिन बघितलं तर सुरुवातीची कमतरता हुकते. लोहाचे थेंब स्वतःच्या मनाने सुरू करू नका. मात्रा वजनावर ठरते आणि जास्त झालेलं लोह लहान मुलाला घातक असतं. थेंब मिळाले तर दुधासोबत देऊ नका, आणि थेंबांची बाटली मुलाच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

दूध ४०० ते ५०० मिलिलिटरवर आणा, पण एका दिवसात नको. दर दोन-तीन दिवसांनी १०० मिलिलिटर कमी करा. सुरुवात जेवणाआधीच्या दुधापासून करा, म्हणजे भूक जेवणाच्या वेळी लागेल. रात्रीचं दूध शेवटी काढा. ते काढताना आधी प्रमाण कमी करायचं (१५० चं १२०, मग ९०, मग ६०), नंतर बाटली बंद. पाणी घालून पातळ करत नेणं सोपं वाटतं, पण त्याने बाटलीची सवय तशीच राहते.

आता श्वासाबद्दल. रडण्याच्या भरात श्वास बाहेर सोडून तो तिथेच थांबतो आणि रंग निळा पडतो. हे मूल ठरवून करत नाही. पुढच्या वेळी त्याला कुशीवर आडवं करा, आजूबाजूचं कडक सामान दूर सारा आणि घड्याळ बघा. हलवू नका, तोंडावर पाणी मारू नका, तोंडात बोट घालू नका. बहुतेक वेळा मिनिटाच्या आत श्वास आपोआप सुरू होतो. यातून मेंदूला इजा होत नाही. तरी पहिल्यांदा झाल्यावर डॉक्टरांना दाखवायचंच, आणि तुमच्याकडे दोनदा झालं आहे, तेव्हा हे याच आठवड्यात करा. मिनिटाहून जास्त वेळ गेला, नंतर बराच वेळ सुस्ती राहिली, अंगाला बराच वेळ झटके आले, किंवा रडण्याशिवाय, झोपेत वा धावताना असं झालं, तर थेट तातडीच्या विभागात. निळ्याऐवजी एकदम पांढरा पडत असेल तर तेही आवर्जून सांगा, त्यात हृदयाचा आलेख काढून बघतात.

यातला एक धोका पुढचा आहे: श्वास अडकेल या भीतीने घरातले सगळे हवं ते देऊ लागतात, आणि मग खरोखर प्रत्येक हट्ट श्वासापर्यंत जातो.

डॉक्टरांकडे कान तपासून घ्या. आडवं झाल्यावर रडणं वाढत असेल तर कानाची शंका जास्त. शौचाला कडक, खड्यांसारखं होतं का तेही सांगा, इतक्या दुधात बद्धकोष्ठता नेहमीची आहे आणि पोट दुखत असलेलं मूल दिवसभर कुरकुरतं. घरच्या घरी कपडे काढून बोटं, पायाची बोटं आणि शिश्न नीट बघा. कधीकधी केस किंवा धागा गुंडाळला जाऊन सूज आलेली असते आणि मोज्यात ती दिसत नाही. दाढा या वयात येतात हे खरं, पण तीन आठवड्यांचं रडणं किंवा ३८ अंश सेल्सिअसवरचा ताप दातांच्या खाती टाकू नका.

पायवाट:

रानजाईंशी सहमत. त्यात झोपेची भर घालतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार १ ते २ वर्षांच्या मुलाला दिवस-रात्र मिळून ११ ते १४ तास झोप हवी. दुपारची ४० मिनिटं आणि तीनदा तुटलेली रात्र यात तो आकडा गाठला जाणं अवघड आहे. साधारण १४ ते १८ महिन्यांत मुलं दिवसाच्या दोन झोपांवरून एकीवर येतात, आणि हा मधला काळच सगळ्यात किरकिरा. दोन झोपा नको असतात आणि एक पुरत नाही. अशा वेळी ती एक झोप फार लवकर लागली तर छोटी होते. दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटांनी पुढे सरकवत सकाळी उठल्यापासून साडेचार-पाच तासांवर आणा. ज्या दिवशी झोप तासाच्या आत मोडेल त्या दिवशी रात्रीची झोप ३० ते ६० मिनिटं अलीकडे घ्या. 'उशिरा झोपवलं तर उशिरा उठेल' हा हिशेब या वयात सहसा चुकतो. जास्त दमलेलं मूल झोपायला वेळ लावतं आणि रात्री जास्त उठतं.

दुसरं, पाच दिवस नोंद ठेवा. वहीत पाच रकाने: वेळ, आधी काय घडत होतं, मुलाने काय केलं, किती मिनिटं चाललं, कशाने थांबलं. शेवटचा रकाना सगळ्यांत उपयोगाचा. 'मोबाइल दिल्यावर थांबलं' हे दिवसात चारदा लिहावं लागलं तर वेगळं काही शोधायला नको. वेळेच्या रकान्यात दुपारी अकरा-बारा आणि संध्याकाळी पाच-सहा असे गठ्ठे दिसले तर मूळ भूक किंवा झोप आहे, आणि त्यावर शिस्तीचे उपाय करून काही हाती लागत नाही.

निवडुंग:

माझं मत थोडं वेगळं. तपासण्या करा, पण थयथयाटाकडे पूर्ण दुर्लक्ष करा. बघणारं कुणी नसलं की मूल आपोआप थांबतं. पहिले काही दिवस रडणं वाढेल, तिथे घट्ट राहायचं.

कुंपण:

निवडुंग, पहिल्या दिवसांत रडणं वाढतं हे बरोबर. जे आधी मिळत होतं ते बंद झालं की मूल आणखी जोर लावून बघतं, आणि नेमकं त्याच वेळी मोठी माणसं हार मानतात. त्यातून मुलाला कळतं की इतका जोर लावला की मिळतं. पण ठरवून दुर्लक्ष करण्याची पद्धत अडीच-तीन वर्षांच्या, बोलता येणाऱ्या मुलासाठी, आणि तीही चिडवणं, रें रें करणं अशा निरुपद्रवी वागण्यासाठी आहे. १५ महिन्यांच्या मुलाला खोलीत एकटं सोडणं म्हणजे वेगळं पडण्याच्या भीतीची त्यात भर. ती भीती साधारण ८-९ महिन्यांपासून सुरू होते आणि या वयात जोरात असते. शिवाय हा मुलगा डोकं आपटतो आणि श्वास अडकवतो, त्याला नजरेआड करताच येणार नाही.

मधला रस्ता असा: जवळ राहायचं, पण नाही म्हटलेली गोष्ट द्यायची नाही. या दोन गोष्टी एकत्र करता येतात हेच बऱ्याचदा लक्षात येत नाही. जवळ घेणं म्हणजे लाड आणि नाही म्हणणं म्हणजे दूर लोटणं, अशी आपण उगाच जोडी लावतो.

थयथयाट आतून कसा चालतो ते माहीत असलं की हे सोपं होतं. संशोधक मायकेल पोटेगाल आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या कपड्यांत छोटे मायक्रोफोन बसवून त्यांचे आवाज नोंदले, तो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. किंचाळणं आणि ओरडणं हा रागाचा भाग, रडणं आणि कण्हणं हा दुःखाचा भाग. दोन्ही एकत्रच चालतात, पण रागाचे उंचवटे येतात आणि ओसरतात, दुःख खाली सलग वाहत असतं. राग उतरला की मूल स्वतःहून जवळ येतं. म्हणून उंचवट्यावर समजावणं, प्रश्न विचारणं, 'काय हवंय, हे हवंय का' असं एकेक पुढे करणं वाया जातं. त्याने उलट तेल ओतलं जातं. बहुतेक थयथयाट पाच मिनिटांच्या आत संपतात.

प्रत्यक्षात असं करा:

सुरू झालं की फरशीवरून गादी, सतरंजी किंवा गालिच्यावर न्या. मागे झोकतो म्हणताय, तर उचलताना पाठ तुमच्या छातीला लावून, एक हात काखेखालून छातीवर आणि दुसरा मांड्यांखाली घ्या. समोरासमोर उचललं तर त्याचं डोकं तुमच्या हनुवटीवर बसतं. खाली ठेवल्यावर त्याच्या उंचीला, हातभर अंतरावर बसा. चेहरा शांत, बोलणं दोन-तीन शब्दांचं: 'राग आला. मी इथेच.' तेच शब्द, दर अर्ध्या मिनिटाने, हळू आवाजात. डोकं आपटायला लागला तर न बोलता मधे तळहात किंवा उशी सरकवा. 'अरे अरे लागेल ना' असं ओरडून सगळे धावत आले की डोकं आपटणं हेच हत्यार होतं. मारायला आला तर हात मनगटाशी हलका धरा, 'मारायचं नाही' एकदाच म्हणा, सोडा. किंचाळणं थांबून नुसतं रडणं उरलं की हात पुढे करा. आला की घ्या, पाणी द्या. मग दुसऱ्याच कामाला लावा. ज्यावरून सुरू झालं ती वस्तू मात्र द्यायची नाही, पाच मिनिटांनी नाही आणि आजीच्या हातूनही नाही.

आजींचा मुद्दा टाळू नका, तो या सगळ्याचा कणा आहे. दहापैकी दहा वेळा मिळणारी गोष्ट बंद केली तर मूल लवकर सोडून देतं. दहापैकी तीनदा मिळणारी गोष्ट ते शंभर वेळा मागतं, कारण पुढच्या वेळी मिळेल ही आशा असते. आजींना 'तुम्ही लाडावता' म्हणून चालणार नाही. सगळ्यांनी एकत्र बसून फक्त तीन 'नाही' ठरवा, उदाहरणार्थ मोबाइल, गरम वस्तू, मारणं. बाकी गोष्टींत आजींनी खुशाल द्यावं, पण रडायच्या आधी द्यावं. पंधरा नियम पाळायला गेलात तर एकही पाळला जाणार नाही.

आधीच टाळता येणारे थयथयाट जास्त असतात हेही लक्षात घ्या. नको ती वस्तू नजरेसमोरून उचलून ठेवली की दिवसातले दोन तरी झगडे कमी होतात. 'नाही' ऐवजी काय करायचं ते सांगा: 'चढू नको' पेक्षा 'खाली बस' या वयाला लवकर कळतं. दोन वस्तू हातात धरून निवडायला द्या, तिसरी नको. खेळ थांबवण्याआधी खूण ठेवा, रोज तीच: तीन वेळा टाळी, मग खेळणी पेटीत. 'पाच मिनिटांनी जायचं' हे त्याला कळत नाही, टाळी कळते. चार शब्दांच्या मुलाला 'अजून', 'संपलं', 'उघडून दे' एवढ्या तीन खुणा हातांनी शिकवा. तुम्ही स्वतः प्रत्येक वेळी शब्दासोबत खूण करायची, त्याच्याकडून करवून घ्यायची नाही. उचलायला वेळ लागतो, पण सांगता न येण्याचा त्रागा यानेच उतरतो.

सांजवेळ:

खूप उपयोग झाला. दोन शंका आहेत. मोबाइल एकदम बंद करू की हळूहळू? आणि झोपताना तो पाळण्याच्या कठड्यावर डोकं आपटतो, तालात, तेव्हा रडत नसतो. तेही रागाचंच का?

कुंपण:

झोपतानाचं तालातलं आपटणं वेगळं. स्वतःला शांत करण्याची ती एक तऱ्हा असते, साधारण वर्षाच्या आतबाहेर सुरू होते आणि बहुतेकांची तीन-चार वर्षांपर्यंत आपोआप जाते. पाळण्याचे स्क्रू घट्ट आहेत का ते बघा, पाळणा भिंतीपासून थोडा दूर ठेवा. आत उशा आणि कठड्याच्या गाद्या भरू नका, त्याने गुदमरण्याचा धोका वाढतो. जखम होत असेल, दिवसाही तासन्तास चालत असेल, किंवा हाकेला वळत नाही, नजर देत नाही, आलेले शब्द गेले असं काही दिसलं तर डॉक्टरांना सांगा आणि ऐकण्याची तपासणी करून घ्या.

मोबाइल एकदमच बंद करा. 'आज थोडा, उद्या नाही' म्हणजे वर लिहिलेलं तीनदा-मिळण्याचं गणित. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या त्याच मार्गदर्शनात एक वर्षाच्या मुलाला बसवून पडदा दाखवूच नये असं आहे. सुरुवात अशा दिवशी करा की दोन मोठी माणसं घरी असतील. जेवण १५-२० मिनिटांचंच ठेवा. हातात धरता येतील असे तुकडे त्याच्यापुढे, एक चमचा त्याच्या हातात, एक तुमच्या. दोन घास खाऊन उठला तरी ताट उचला, पुढच्या वेळेपर्यंत मधे दूध नाही. पहिले काही दिवस तो कमी खाईल आणि जास्त रडेल. दूध कमी करणं आणि मोबाइल बंद करणं एकाच दिवशी सुरू करू नका, आठवडाभराचं अंतर ठेवा. आधी दूध.

ओलीमाती:

याच धाग्यात विचारते. बाळ ७ आठवड्यांचं, फक्त अंगावरचं दूध. रोज संध्याकाळी सहा ते दहा अखंड रडतं, मुठी आवळतं, पाय पोटाशी घेतं. बाकी दिवस बरा जातो, वजन वाढतंय. पोटदुखीचे थेंब द्यावेत का?

रानजाई:

ओलीमाती, तुमचं आणि वरचं रडणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. सात आठवड्यांच्या बाळाला हट्ट नसतो, नियम नसतात, उचलून ते बिघडत नाही.

हे रडणं दुसऱ्या आठवड्याच्या आसपास वाढू लागतं, सहाव्या-आठव्या आठवड्यात शिखर गाठतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. बालरोगतज्ज्ञ बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली ८० निरोगी बाळांच्या नोंदी मांडल्या, त्यात सहाव्या आठवड्याला रडणं दिवसाला सरासरी पावणेतीन तास होतं. पाय पोटाशी घेणं आणि वायू सरणं हे बऱ्याचदा रडण्याचा परिणाम असतो: रडताना हवा गिळली जाते. म्हणून वायूचे थेंब निराश करतात. त्यातलं सिमेथिकोन हे औषध नुसत्या गोड पाण्याहून सरस ठरलेलं नाही. ग्राइप वॉटर नको, सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको. आणि बाटलीवर डायसायक्लोमिन (पोटातल्या कळांवरचं औषध) लिहिलेलं असेल तर ती अजिबात नको. सहा महिन्यांखालच्या बाळांत श्वास थांबण्याच्या गंभीर घटना घडल्याने ते या वयाला वर्ज्य आहे. घरात अशी बाटली आधीच आली असेल तर नाव वाचून बघा.

सध्या हे करून बघा. दुपारपासूनच झोपेवर लक्ष ठेवा, या वयात बाळ एका वेळी तास-सव्वा तासच आनंदात जागं राहतं. नजर फिरवणं, भुवया लाल होणं दिसलं की झोपवायला घ्या, रडू लागेपर्यंत थांबू नका. रडायला लागलं तर छातीशी धरून पाच मिनिटं न थांबता, एका चालीने चाला, मग झोपलं तरी लगेच ठेवू नका, पाच ते आठ मिनिटं घेऊन बसा आणि मगच पाठीवर झोपवा. ही वेळ जपानच्या राइकेन संस्थेच्या २०२२ च्या अभ्यासातली आहे, आणि ठेवताच जागं होणाऱ्या बाळांना ती बरीच लागू पडते. पंख्यासारखा एकसुरी आवाज चालतो, पण यंत्र बाळापासून दोन मीटर दूर आणि आवाज कमी. गुंडाळत असाल तर छातीशी नीट, कमरेखाली सैल, पाय वाकवता आले पाहिजेत. कूस वळण्याची चिन्हं दिसली की गुंडाळणं बंद. उपाय दर मिनिटाला बदलू नका. एक उपाय पाच मिनिटं, मग दुसरा.

डॉक्टरांकडे ताबडतोब न्यायचं कधी: ताप ३८ अंश किंवा जास्त (तीन महिन्यांखाली हे एकटंच पुरेसं कारण), हिरवी उलटी, शौचात रक्त, दूध ओढणं बंद, दिवसात सहाहून कमी ओले लंगोट, टाळू फुगलेली, जांघेत गाठ, अंग ढिलं पडणं, कण्हल्यासारखा किंवा चिरका नवाच आवाज. शौचात रक्त किंवा शेम आणि अंगावर चट्टे असतील तर दुधातल्या प्रथिनांच्या ॲलर्जीचा विचार होतो. त्यात आईने २ ते ४ आठवडे सगळे दुधाचे पदार्थ बंद करून, मग पुन्हा सुरू करून बघायचे असतात. पुन्हा सुरू करून बघितल्याशिवाय निदान पक्कं होत नाही. ही चिन्हं नसताना मात्र उगाच पथ्य करू नका, तुम्हालाही अन्न लागतं.

पायवाट:

दोघींसाठी. रडणं ऐकून हात थरथरायला लागले, दात आवळले गेले, की बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवा, दार ओढून घ्या आणि दहा मिनिटं बाहेर बसा. मग जाऊन बघा. पोट भरलेलं, लंगोट कोरडं असलेलं बाळ तेवढा वेळ रडल्याने त्याला काही होत नाही, एका क्षणाच्या हिसक्याने मात्र मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. सांजवेळ यांच्यासाठी श्वास अडकण्याचा प्रश्न आहे, तेव्हा तिथे दहा मिनिटं दुसऱ्या माणसाने खोलीत थांबायचं. संध्याकाळच्या पाळ्या आधीच लावून ठेवा, तासातासाच्या. दोन आठवड्यांहून जास्त मन उदास असेल, बाळ झोपलं तरी स्वतःला झोप लागत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार आला तर त्याच दिवशी सांगा.

रानजाई:

सांजवेळ, डॉक्टरांकडे जाताना पाच दिवसांची वही न्या, दूध मोजून तीन दिवसांचे आकडे न्या ('साधारण लिटरभर' बऱ्याचदा सव्वा लिटर निघतं), आणि श्वास अडकण्याचा प्रसंग पुन्हा झालाच तर दुसऱ्या माणसाने त्याचं चित्रण करावं. रंग निळा होता की पांढरा हे त्यावरून डॉक्टरांना लगेच कळतं, तोंडी वर्णनात ते नेहमी चुकतं.